बिडकीनची नोकरी, पैठणचे घर

लहान गावात घर स्वस्त मिळते तेव्हा त्या स्वस्ताईला काही कारण असते, आणि बिऱ्हाड हलवू पाहणाऱ्याने किमतीच्या आधी ते कारण विचारायला हवे. पैठणच्या बाबतीत हे कारण शोधत गेले तर सातवाहनांपर्यंत मागे जावे लागते. आज मात्र हा प्रश्न घरोघरी निघतो आहे तो बिडकीनमुळे.

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटरवर, गोदावरीच्या डाव्या काठावर पैठण आहे. 2011 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे साडेएक्केचाळीस हजार होती. त्याच वेळी जिल्ह्याच्या शहराची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची, पावणेबारा लाखांच्या घरात होती. पैठणला रेल्वे नाही. शहराकडे जाणारा रस्ता हाच त्याचा जगाशी मोठा दुवा, आणि त्याच रस्त्यावर, साधारण निम्म्या वाटेवर, पैठण तालुक्यातलेच बिडकीन लागते. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधील ऑरिक ही औद्योगिक नगरी शेंद्रा आणि बिडकीन अशा दोन ठिकाणी मिळून सुमारे 10,000 एकरांवर आखलेली आहे, आणि त्यातला फार मोठा भाग बिडकीनचा आहे. 2024 मध्ये एथर आणि जेएसडब्ल्यू यांचे मोठे प्रकल्प इथे जाहीर झाले. टोयोटा किर्लोस्करने त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारशी सुमारे 20,000 कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा करार केला. पैठणचा रस्ता चौपदरी करण्याचे कामही याच काळातले. ज्या गावातून दोन पिढ्या कामासाठी वाळूज, चिकलठाणा आणि पुण्याकडे गेल्या, त्या गावात राहायला यावे का, असा उलटा प्रश्न त्यामुळे पहिल्यांदाच गंभीरपणे विचारला जाऊ लागला आहे.

या प्रश्नाच्या दोन बाजू इथे मामा आणि भाची यांच्या तोंडी घातल्या आहेत. ती कुणा एका घरातली माणसे नाहीत. तालुक्यातल्या अनेक घरांत चालणारी बोलणी त्यांच्याकडे एकवटली आहेत. भाची शहरात वाढलेली, बिडकीनच्या नव्या कारखान्यात नोकरी लागलेली. आजोळी, पैठणला, बिऱ्हाड करावे असे तिच्या मनात आहे. मामांचा जन्म पैठणात गेला. गावाची बाजू घेते ती बाहेर वाढलेली मुलगी आणि सावध करतात ते गावातच राहिलेले मामा. प्रत्यक्षातही बहुधा असेच दिसते.

भाचीचा पहिला मुद्दा सरळ हिशेबाचा आहे. "मामा, शहरात दोन खोल्यांना जेवढे भाडे जाते, त्यात इथे अंगणासकट घर मिळते. बिडकीन शहरातून गाठा नाहीतर इथून गाठा, वेळ जवळजवळ सारखाच लागतो. मग गर्दीच्या बाजूने कशाला यायचे?"

मामांना हा हिशेब चुकीचा वाटत नाही, अपुरा वाटतो. "अगं, वेळ सारखा लागला तर माणूस शहरच धरतो. नवऱ्याची नोकरी शहरात, लेकरांची शाळा शहरात, रात्री-अपरात्री घाटी रुग्णालय गाठायचं तर तेही शहरातच. कंपनी बिडकीनला आली म्हणजे पैठणला आली असं नाही."

यावर भाची वाळूजचा दाखला देते, आणि तो दाखला भक्कम आहे. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्या मागे सुटे भाग करणारे लहान-मोठे उद्योग आले. अधिकारी शहरात राहिले, पण कामगारांना शहराचे भाडे परवडत नव्हते. ते बजाजनगरात, रांजणगावात, जोगेश्वरीत राहिले आणि काही वर्षांत त्या खेड्यांची दाट वस्ती झाली. कारखाना आपली माणसे कुठे राहतील हे ठरवत नाही. ते भाडे ठरवते. पण या उदाहरणाची दुसरी बाजूही आहे, आणि ती मामांच्या पारड्यात पडते. त्या खेड्यांत आधी खोल्या झाल्या, मग रस्ते, गटारे आणि पाणी यांची ओढाताण सुरू झाली. गाव वाढले याचा अर्थ गाव सुधारले असा होत नाही. बिडकीनच्या आजूबाजूच्या शेतांत प्लॉटच्या पाट्या लागल्या आहेत, तिथे हीच वाट पुन्हा चालली जाण्याची भीती खरी आहे. पैठणची गोष्ट वेगळी ठरू शकते ती एवढ्यासाठी की ते आधीपासूनच गाव आहे. तिथे बाजार, शाळा, महाविद्यालय, नगरपरिषद आणि शेजार हे सारे आधीच आहे.

मामांचा दुसरा आक्षेप कारखान्यांच्या आयुष्याविषयी आहे. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता. टीव्ही, फ्रिज घरोघरी पोचवणारी ही कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांना दुसरी वाट शोधावी लागली. "एका फाटकाच्या भरवशावर घर बांधू नये," असे मामा म्हणतात. भाचीचे म्हणणे असे की बिडकीनला एकच फाटक नाही, आणि ती घर बांधायचे नव्हे, भाड्याने घ्यायचे म्हणते आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. गाव बदलणे आणि गावात जमीन घेणे या दोन वेगळ्या कृती आहेत, पण आपल्याकडे त्यांची नेहमी गल्लत होते. त्यामुळे नुसते राहून पाहण्याचा विचारही जमिनीच्या व्यवहाराच्या ओझ्याखाली दबून जातो.

आता पैठण स्वस्त का, हा मूळ प्रश्न. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचे नाव आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचे गाव, जिथून गाड्या भरभरून अकीक बंदराकडे जाई, अशी ती नोंद आहे. सातवाहनांची ही राजधानी माल गोळा करून बाहेर पाठवणारी पेठ होती. पुढे पैठणी विणली गेली, तिने गावाचे नाव देशभर नेले. आज पैठणीचे सर्वात मोठे केंद्र मात्र नाशिक जिल्ह्यातले येवला आहे. पैठणला माग आहेत, सरकारी पैठणी केंद्र आहे, 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण पैठणी घ्यायला निघालेले गिऱ्हाईक बहुतेक वेळा येवल्याला जाते. आणि पाणी तर अक्षरशः नळातून बाहेर जाते. मामा हे एका वाक्यात सांगतात: "या गावातून सगळं बाहेर जातं, पोरी. राहतं ते नाव."

पैठण स्वस्त असण्याचे हेच खरे कारण आहे. जे गावात निर्माण झाले किंवा गावापाशी साठले, त्याची किंमत दुसरीकडे वसूल होत राहिली.

पाण्याची कथा सविस्तर सांगायला हवी, कारण राहायला येणारा माणूस तिच्यापासून सुटत नाही. जायकवाडी धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, 27 दरवाजे आणि 102 टीएमसी साठा. मागे पसरलेल्या जलाशयाला नाथसागर हे नाव पडले ते एकनाथांवरून. त्याच्या तळाशी अनेक गावे गेली, आणि त्या गावांतली माणसे आजही आपली ओळख धरणग्रस्त अशीच सांगतात. डावा कालवा 208 किलोमीटर आणि उजवा 132 किलोमीटर. त्यांनी जालना, परभणी, बीडपर्यंत शेती भिजवली. शहराला पाणी जाते ते याच जलाशयातून. ते फारोळ्याला शुद्ध होते आणि नक्षत्रवाडीमार्गे शहरात पोचते. एवढे असूनही शहरातल्या अनेक भागांत वर्षानुवर्षे आठवड्याच्या अंतराने नळ येत राहिला. 2019 मध्ये शहरासाठी 1,680 कोटी रुपयांची नवी योजना मंजूर झाली, तिचा खर्च पुढे 2,700 कोटींच्या वर गेला, आणि तिची अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी याच पैठण रस्त्याच्या कडेने टाकली गेली.

"म्हणजे पाण्यासाठी तरी इथेच राहायला हवे," हा भाचीचा निष्कर्ष. मामा तिला थांबवतात. "धरण शेजारी आहे म्हणजे पाणी आपलं आहे असं नसतं. पाणी वर अडतं तेव्हा नाथसागर रिकामा राहतो." नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या वरच्या धरणांनी किती पाणी खाली सोडायचे हा वाद मराठवाड्यात प्रत्येक अपुऱ्या पावसाळ्यानंतर पेटतो. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. 2014 मध्ये प्राधिकरणाने ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडण्याचा आदेश दिला, आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. 2013 आणि 2016 च्या उन्हाळ्यांत नाथसागरात मृतसाठाच उरला होता. कोरड्या पात्रातून शेतकरी गाळ नेत होते. पैठणमध्ये राहायला येणारा माणूस म्हणजे या भांडणातला एक पक्षकार होणारा माणूस. त्याला नाशिकच्या पावसाची बातमी स्वतःच्या घरची बातमी म्हणून वाचावी लागते.

आणि पाणी फार झाले तर? ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक विसर्ग करावा लागला आणि पैठणचा मोठा भाग पाण्याखाली गेला. सप्टेंबर 2025 मध्ये पुन्हा मोठा विसर्ग झाला आणि नदीकाठच्या वस्त्यांतून माणसे हलवावी लागली. मामांच्या पिढीला 2006 ची रात्र आठवते आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक घराची एक अलिखित उंची सगळ्यांना माहीत झाली आहे: कुणाच्या उंबऱ्याशी पाणी थांबले, कुणाच्या खिडकीपर्यंत आले, कुणाचे माळवद गाठले. नव्याने आलेल्याला हे माहीत नसते, आणि घर दाखवणारा ते आपणहून सांगत नाही. भाची इथे पहिल्यांदा गप्प होते, आणि तसे व्हायलाच हवे. नदीकाठच्या घरासाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहणे हा व्यवहाराचा पहिला कागद असला पाहिजे. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी लागतात. जी घरे सर्वात स्वस्त दिसतात त्यातली बरीच या रेषांच्या आत सापडतात, यात नवल नाही.

जुन्या गावातली घरे तुलनेने उंचवट्यावर आहेत. हा उंचवटा नैसर्गिक टेकडीचा नाही. शेकडो वर्षे घरे पडत गेली, त्यांच्या मातीवर नवी उठत गेली आणि पांढरीचे टेकाड चढत गेले. इथे पाया खणताना जुनी खापरे, मणी, विटा निघणे ही रोजची गोष्ट होती. या भागात घर घ्यायचे तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे वाड्याची प्रकृती: विटा, चुना, लाकडी कडीपाट आणि वर मातीचे माळवद. माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते, पण दर पावसाळ्याआधी त्यावर माती घालून चोपावे लागते, आणि ते नीट करणारी माणसे आता थोडी उरली आहेत. दुसरी गोष्ट कायद्याची. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. 2010 च्या दुरुस्तीने हा नियम कडक झाला. गावाबाहेरच्या प्लॉटांची चौकशी वेगळी: सातबारा की मिळकत पत्रिका, अकृषिक परवाना आहे का, की नुसता गुंठेवारीचा तुकडा. गुंठेवारीचा 2001 चा कायदा आणि त्याची 2021 ची दुरुस्ती जुनी बांधकामे नियमित करण्यासाठी आहेत, आज नवा तुकडा पाडून विकण्यासाठी नाहीत.

मामा-भाचीचा खरा मतभेद मात्र घरापेक्षा राहण्याविषयी आहे. "तू येशील, सकाळी कंपनीची बस धरशील, संध्याकाळी येशील, रविवारी शहरात खरेदीला जाशील. मग गावाला तुझा उपयोग काय?" हा प्रश्न कठोर वाटला तरी तो मामांच्या सगळ्या बोलण्याचा गाभा आहे. ज्या गावातून अकीक, पैठणी आणि पाणी गेले तिथे राहायला आलेल्या माणसाचा पगारही संध्याकाळी परत शहरात गेला, तर गावात दुचाक्या वाढतील, दुकाने वाढणार नाहीत. उलट भाडे मात्र वाढेल, आणि त्याची झळ मागावर बसणाऱ्या बाईला, नाथसागरात जाळे टाकणाऱ्या भोयांना आणि घाटावर पोट भरणाऱ्यांना बसेल. दशक्रियेसाठी येणाऱ्या माणसांवर पैठणची किती घरे चालतात, हे बाबा भांड यांच्या 'दशक्रिया' या कादंबरीने आणि तिच्यावरच्या चित्रपटाने महाराष्ट्राला दाखवले. स्वस्त गाव कुणासाठी स्वस्त, हा प्रश्न आलेल्याने विचारलाच पाहिजे. जे गाव बाहेरच्याला स्वस्त वाटते, ते तिथल्या कितीतरी जणांना आधीच पुरेसे महाग असते.

भाचीचे उत्तर इथे सर्वात चांगले आहे. "मामा, मी माणूस म्हणून येणार, नुसता पगार म्हणून नाही. माझी मुलगी इथल्या शाळेत जाईल. शाळा बरी नसेल तर पालक म्हणून मी तिथे बोलेन. दळण, भाजी, शिवणकाम, दवाखाना इथेच होईल. तुमच्यासारखी शिकलेली माणसं मुलांना शहरात पाठवत राहिली म्हणून शाळा तशा राहिल्या ना?" मामांना हे लागते, कारण ते खरे आहे. सार्वजनिक सोयींवर त्यांचा वापर करणाऱ्यांचा धाक असतो. आग्रह धरणारा वर्ग बाहेर पडला की नगरपरिषदेपासून रुग्णालयापर्यंत सगळे ढिले पडते, आणि ते ढिले पडले म्हणून उरलेलेही बाहेर पडतात. धरणाच्या पायथ्याचे, म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवरचे संत ज्ञानेश्वर उद्यान बराच काळ दुरवस्थेत राहिले. संतसाहित्याच्या अभ्यासासाठीच्या संतपीठाची घोषणा झाल्यावर अभ्यासक्रम सुरू व्हायला चार दशके गेली, ते 2021 उजाडले. ही दोन्ही कामे सरकारची होती हे खरे, पण ती रोज मागणारे लोक गावात पुरेसे नव्हते हेही खरे.

परगावाहून माणसे आणून गाव सावरण्याचे प्रयोग जगात झाले आहेत. अमेरिकेतल्या टल्सा शहरात 2018 पासून एका खासगी प्रतिष्ठानाने घरून काम करणाऱ्यांना राहायला येण्यासाठी 10,000 डॉलर देऊ केले. सिसिलीतल्या सांबुकाने 2019 मध्ये ओस पडलेली घरे एका युरोपासून लिलावाला काढली, पण ती ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करण्याची अट घातली. यात शिकण्यासारखी आहे ती अट: गावाने काही दिले तर येणाऱ्याने काही करून दाखवायचे. पैठणला असे देण्यासारखे पैसे नाहीत. पण पडक्या वाड्यांची यादी करून, ते दुरुस्त करणाऱ्याला घरपट्टीत काही वर्षे सूट देणे एवढे नगरपरिषदेला अवघड जाऊ नये.

पैठणच्या स्मृतीत परत येण्याचे एक मोठे उदाहरण आहेच. एकनाथ पैठणचेच, लहान वयात ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनस्वामी किल्ल्याचे अधिकारी, देवगिरी तेव्हाच्या सत्तेचे ठाणे. तिथेच राहणे सोयीचे झाले असते. नाथ पैठणला परतले, संसार थाटला, आणि 1599 मध्ये देह ठेवीपर्यंत तिथेच राहिले. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत 1584 मध्ये तयार झाली ती याच काळात. फाल्गुन वद्य षष्ठीला लाखो लोक येतात ते या परतलेल्या माणसासाठी. भाची हे उदाहरण देते तेव्हा मामा हसत नाहीत, नाकारतही नाहीत, ते एवढेच म्हणतात, "नाथ आले ते गावाच्या रोषासकट राहिले. गावानं त्यांना सहज घेतलं नव्हतं." वाळवंटात तापलेल्या मुलाला कडेवर घेणारे, श्राद्धाचे अन्न ज्यांना शिवणेही निषिद्ध मानले जाई त्यांना वाढणारे नाथ, अशा कथा पैठणच्याच आहेत, आणि त्या वेळी गाव त्यांच्या विरोधात उभे होते हेही त्याच कथांत आहे. लहान गावात प्रत्येकाला प्रत्येकाचे माहीत असते. एकट्या बाईला, आंतरजातीय जोडप्याला, वेगळ्या धर्माच्या भाडेकरूला हे ओझे शहरापेक्षा जास्त वाटते. घर स्वस्त असले तरी ते कुणाला मिळते आणि कुणाला 'मालक बाहेरगावी गेलेत' असे सांगितले जाते, हे पाहिल्याशिवाय पैठणची स्वस्ताई पूर्ण कळत नाही.

शेवटी बोलणे मुदतीवर येते. मामांचे म्हणणे, आधी घ्यायचे नाही, अकरा महिन्यांच्या भाडेकराराने राहायचे, आणि तो मृगाच्या तोंडावर सुरू करायचा. म्हणजे गळके छप्पर पहिल्याच पावसात कळते, भाद्रपदात धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा गल्ली किती उंच आहे ते दिसते, फाल्गुनात षष्ठीची गर्दी अंगणात येते, आणि वैशाखात नळाला किती दिवसांनी पाणी येते ते मोजता येते. भाची कबूल होते, पण एक गोष्ट स्वतःहून जोडते: शाळेत नाव पहिल्याच वर्षी घालायचे, शहरातली जागा अडवून ठेवायची नाही. मामा म्हणतात, "मग गोदाकाठचं ते घर सोड. नाथांच्या वाड्याकडच्या गल्लीत माझ्या ओळखीची एक जागा आहे. 2006 ला तिथं उंबऱ्याच्या एक वीत खाली पाणी थांबलं होतं. चल, रेघ दाखवतो."